घोडामैदान येण्याआधी

मुंबईतून मोसमी पाऊस परत फिरण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आले. पाऊस वेळेवर थांबला असे धरले, तरी मैदान वाळायला लागल्यापासून दिवाळीपर्यंत हातात उरत होते तेरा दिवस. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, तेव्हा हाच अवधी पाच आठवड्यांचा होता. घोडेस्वारीची शिबिरे भरतात ती दिवाळीच्या सुट्टीत, नाही तर एप्रिल-मेमध्ये. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपरची मुले कर्जत-तळेगावकडे जातात, कुणी लोकलने महालक्ष्मी गाठते. तिथे १९४२ पासून अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. मुलांची तयारी म्हणजे हेल्मेट, बूट आणि फी. घोड्याच्या तयारीचे काय, हे फारसे कुणी विचारत नाही.

उपनगरांना घोडा परका नाही. जुहूच्या वाळूवर आणि लग्नाच्या वरातीत तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. २०२० मध्ये मुंबई पोलिसांचे १९३२ साली बंद झालेले अश्वदल पुन्हा उभे करण्याची घोषणा झाली, तेव्हा तबेल्यासाठी अंधेरीतल्या मरोळचे नाव पुढे आले. पण शहरातल्या घोड्याचे पावसाळ्यात काय होते, हे त्याच्या सईसालाच ठाऊक. सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदीप्रमाणे चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. मैदानात चिखल, रस्ते निसरडे. घोडा तबेल्यात उभा राहतो, चंदी खातो आणि गुबगुबीत होतो. मग सुट्टी लागते आणि त्याच घोड्याने पहिल्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ, पाठीवर नवशिकी पोरे घेऊन रिंगणात फिरावे अशी अपेक्षा असते.

भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले, या जुन्या कोड्याचे उत्तर शाळकरी मुलांनाही पाठ असते: फिरवले नाही म्हणून. घोड्यापुरते हे उत्तर अर्धेच आहे. न फिरवलेला घोडा अडतो हे खरे, पण अडलेला घोडा एकदम फिरवला तर तो मोडतो. त्याच्या शरीरातले भाग एकाच गतीने तयार होत नाहीत आणि सगळ्यात उशिरा तयार होतो तो भागच शिबिरात सर्वांत जास्त झिजतो. म्हणून तयारीचे वेळापत्रक त्या भागाच्या गतीने आखावे लागते.

छाती आधी, पाय नंतर

उभ्या, शांत घोड्याचे हृदय मिनिटाला २८ ते ४४ ठोके देते. भरधाव पळताना तेच २२० ते २४० पर्यंत जाते. माणसाच्या हृदयाला एवढा पल्ला नाही. शिवाय घोड्याच्या पोटात रक्ताचा एक राखीव साठा असतो, तो म्हणजे त्याची प्लीहा. दौड सुरू झाली की प्लीहा आकसते आणि तांबड्या पेशींनी दाट झालेले रक्त अंगभर सोडते. विश्रांतीच्या वेळी रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा ३५ ते ४० टक्के असतो, तो जोराच्या दौडीत ६० टक्क्यांच्या वर जातो. त्यामुळे चार महिने उभा असलेला घोडाही पहिल्या दिवशी उधळू शकतो, आणि मालकाला वाटते, याला काही झालेले नाही.

नियमित काम सुरू केले की हृदय आणि फुप्फुसे चार ते सहा आठवड्यांत बऱ्यापैकी सुधारतात. स्नायूंना दोन-तीन महिने लागतात. पायातल्या शिरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे कंडरे, चार ते सहा महिने घेतात आणि हाडे त्याहून जास्त. खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतो, म्हणजे पूर्ण नवा खूर यायला वर्षाच्या आसपास लागते.

धोका आहे तो सहाव्या आठवड्यात. घोडा तरतरीत झालेला असतो, लगाम ओढतो, दुडकीवरून आपणहून दौडीवर जातो. दम लागत नाही, घाम लवकर वाळतो. छाती तयार आहे, पाय नाहीत. गुडघ्याखाली घोड्याच्या पायाला स्नायू जवळपास नसतोच. हाड, कंडरे आणि त्यांवर कातडी. पायाच्या मागच्या बाजूने जाणारा कंडरा प्रत्येक पावलाला ताणला जातो आणि परत आखडतो. भरधाव दौडीत त्याच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. तो फाटला तर घोडा नऊ महिने ते वर्षभर कामातून जातो आणि बरा झाला तरी पूर्वीइतका लवचिक राहत नाही.

उलट्या बाजूचा हिशेब थोडा दिलासा देतो. चांगल्या तयारीतला घोडा महिनाभर नुसता चरला, तरी त्याच्या छातीची ताकद फारशी जात नाही. पण जून ते सप्टेंबर म्हणजे महिना नव्हे. शिवाय चरण्यासाठी मोकळे रान असलेला घोडा दिवसभर चालत असतो. उपनगरातल्या दहा बाय दहाच्या गाळ्यात बांधलेला घोडा दिवसभर उभा असतो.

पावसाळ्याचे जुने गणित

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मराठ्यांचे घोडदळ पावसाळ्यात छावणीत असे आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघे. चार महिने हजारो घोडी एका जागी पोसायची, तीही अशी की दसऱ्याला ती मुलूख तुडवायला तयार हवीत. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच उधळून टाकली तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा रोख आहे. रयतेला त्रास देऊ नका, गवताच्या गंजीजवळ आग-दिवा सांभाळा, अशा बारीकसारीक सूचनाही त्यात आहेत. घोडा दसऱ्याला तयार हवा असेल तर त्याची काळजी पावसाआधीच सुरू होते, हे त्या काळात सेनापतीपासून पागेतल्या माणसापर्यंत सगळ्यांना माहीत होते.

शर्यतीच्या घोड्यांनी या अडचणीवर दुसरा तोडगा काढला. महालक्ष्मीचा शर्यतींचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. जुलै ते ऑक्टोबर शर्यती पुण्याला होतात, जिथे पाऊस मुंबईच्या मानाने फारच कमी. दोन्हीकडचा कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे. घोडे घाट चढून जातात, कामात राहतात आणि थंडी पडू लागली की खाली येतात. उपनगरातला शिकवणीचा किंवा वरातीचा घोडा मात्र घाट चढत नाही. त्याला मुंबईच्या पावसातच तयार करावे लागते.

कामाआधी तपासणी

पहिले काम टेप घेऊन करायचे. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा, सेंटिमीटरमध्ये. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर येते ते घोड्याचे वजन, किलोमध्ये. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर ३४४ किलो. काटा नसलेल्या तबेल्यात हा अंदाज पुरेसा असतो. दुसरे, हात फिरवून फासळ्या चाचपा. अमेरिकेत १९८३ मध्ये हेनेके यांनी मांडलेली एक ते नऊची श्रेणी आज जगभर वापरतात: फासळ्या दिसत नाहीत पण बोटांना सहज लागतात, तो घोडा पाचव्या श्रेणीत. शिबिराला हाच हवा. बोटे रुतली आणि फासळी सापडली नाही तर घोडा जाड झालेला आहे. त्याचे जादा वजन त्याच्याच पायांवर आहे.

मग डॉक्टर. परळचे बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, आणि १८८६ मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय या दोन संस्था मुंबईकरांच्या ओळखीच्या आहेत. डॉक्टरांकडून पाच गोष्टी बघून घ्याव्यात. दातांच्या कडा धारदार होऊन गाल कापत नाहीत ना. कापत असतील तर लगाम लावताच घोडा डोके झटकतो आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. जंत किती आहेत, हे लिदीच्या तपासणीवरून. धनुर्वाताची लस. ग्लँडर्सची रक्ततपासणी, कारण हा रोग माणसालाही होतो आणि शिबिरात मुले घोड्याच्या नाकातोंडाशी असतात. आणि सर्रा.

सर्रा हा भारतातल्या घोड्यांचा जुना वैरी. १८८० मध्ये डेरा इस्माइल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने त्याचा परजीवी रक्तात शोधला. चावऱ्या माश्या तो पसरवतात आणि पावसाळ्यात व त्यानंतर माश्या वाढतात. मधूनमधून ताप, फिक्या हिरड्या, पोटाखाली सूज, खाऊनही वाळत जाणे, अशी त्याची लक्षणे. असा घोडा दोन फेऱ्यांत थकतो आणि लोक म्हणतात, सवय मोडली आहे, चालवा जरा. रक्त कमी झालेल्या घोड्याला व्यायामाने ताकद येत नाही. औषध आधी, काम नंतर.

शेवटी खूर. चार महिने ओल्या गादीवर उभे राहून खुराच्या तळाचा मऊ त्रिकोणी भाग कुजतो, काळा पडतो, त्याला दुर्गंधी येते. रोज खूर खरवडून साफ करणे आणि अंथरूण कोरडे ठेवणे एवढ्यावर बहुतेक वेळा भागते. नालबंदाला काम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी बोलवा आणि पुढे दर चार ते सहा आठवड्यांनी. शिबिराच्या आदल्या दिवशी नाल ठोकून घेणे टाळावे. एखादा खिळा जवळून गेला असेल तर घोडा दुसऱ्या दिवशी लंगडतो.

नारळी पौर्णिमा ते वसुबारस

वेळापत्रक आखायला पंचांग उपयोगी पडते. अधिक महिना मध्ये आला नाही, तर नारळी पौर्णिमेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत ७२ ते ७५ दिवस असतात. इंग्रजी तारखा दरवर्षी सरकतात, हे अंतर सरकत नाही. म्हणजे दहा आठवडे, शिकवणीच्या घोड्याला पुन्हा कामावर आणायला लागतात जवळपास तेवढेच. एवढ्यात कंडरे पूर्ण तयार होत नाहीत. शिबिराच्या हलक्या कामापुरते होतात. पाऊस थांबायची वाट बघत बसलो तर २०२५ सारख्या वर्षी यातले आठ आठवडे वाया जातात.

नारळी पौर्णिमा ते गणेश चतुर्थी, अडीच आठवडे: फक्त चाल. पहिले दोन-तीन दिवस हातात धरून, मग स्वार घेऊन. वीस मिनिटांपासून सुरुवात आणि अखेरीस तासभर. श्रावणातली सर येऊन गेली की उघडीप मिळते, तेवढी पुरते. चाल रेंगाळती नको. लांब पावलांची, तासाला सहा-सात किलोमीटरची हवी. टणक जमिनीवरची सरळ चाल हाडांना आणि कंडऱ्यांना हळूहळू ताण देते आणि तोच त्यांचा व्यायाम. छोट्या वर्तुळात दोरीवर गरागरा फिरवणे या काळात नको, कारण त्यात जास्त भार आतल्या बाजूच्या पायांवर पडतो. आठवड्यातून पाच दिवस काम, एक दिवस अर्धे काम, एक दिवस मोकळे फिरणे.

गणपतीचे दिवस: आता दुडकी. तासाभराच्या चालीत मिनिट-दोन मिनिटांची दुडकी तीन-चार वेळा. डांबरी रस्त्यावर दुडकी नको. दुडकीत दणका वाढतो आणि ओल्या डांबरावर नाल घसरते. पक्की माती किंवा दाबलेली वाळू चालते. किनाऱ्याजवळचा तबेला असेल आणि परवानगी असेल तर ओहोटीच्या वेळची ओली घट्ट वाळू उत्तम. वरची कोरडी वाळू मात्र टाळा, तिच्यात पाय रुततो आणि कंडरा नको तितका ताणला जातो. ढोल-ताशांचे दिवस असतात, म्हणून काम पहाटे उरकावे.

पितृपक्ष: दुडकीचे तुकडे तीन ते पाच मिनिटांचे, सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटे. सौम्य चढ मिळाला तर चालीनेच चढवा. मागचे पाय आणि पाठ भरते. जमिनीवर चार-पाच बांबू आडवे टाकून त्यांवरून चालवले की घोडा पाय उचलतो, मान खाली घेतो आणि पाठीचे स्नायू वापरतो. या काळाचा नियम एकच: एका आठवड्यात अंतर वाढवले तर वेग वाढवू नका, वेग वाढवला तर अंतर वाढवू नका.

नवरात्र ते दसरा: छोटा कॅन्टर, म्हणजे हलकी दौड. मिनिट-दोन मिनिटांचे दोन-तीन तुकडे, एक दिवसाआड. घोडा ताजातवाना झालेला असतो तो याच आठवड्यांत, आणि वर सांगितलेला धोकाही इथेच. तो मागेल तितके देऊ नये.

दसरा ते वसुबारस: रंगीत तालीम. शिबिरात जे होणार तेच आता हलक्या प्रमाणात. सकाळी एक, संध्याकाळी एक अशा दोन फेऱ्या. रांगेत शांत उभे राहणे. स्टुलावरून चढणारे, रिकिबीत पाय चाचपडणारे, लगाम ओढणारे मूल सहन करणे. वसुबारसेपासून काम निम्म्यावर आणा, बंद करू नका. फटाक्यांचे दिवस तबेल्यात काढायचे असतील तर रोज थोडे चालणे घोड्याला शांत ठेवते.

उन्हाळी शिबिरासाठी हेच दहा आठवडे जानेवारीच्या अखेरीपासून मोजा. तो काळ सोपा. मैदान कोरडे आणि पहाट थंड.

ऑक्टोबरचा घाम

दिवाळीच्या तयारीतले शेवटचे आठवडे मुंबईच्या सर्वांत वाईट हवेत येतात. ढग गेलेले, ऊन कडक, जमिनीत ओल. पारा ३४-३५ अंशांवर आणि हवा दमट. घोडा काम करताना खर्च करतो त्या ऊर्जेचा मोठा भाग, सुमारे ८० टक्के, उष्णता बनतो. ती बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्य साधन एकच, घाम. जोराच्या कामात तो तासाला दहा लिटरपेक्षा जास्त घाम गाळू शकतो. पण घाम वाळला तरच अंग थंड होते. दमट हवेत तो नुसता निथळतो.

परदेशात घोडेवाले एक ढोबळ बेरीज वापरतात: फॅरनहाइटमधले तापमान अधिक आर्द्रतेची टक्केवारी. १३० पेक्षा कमी असेल तर चिंता नाही. १५० च्या वर घाम नीट वाळत नाही, काम कमी करा. १८० च्या वर काम नको. ३४ अंश सेल्सिअस म्हणजे ९३ फॅरनहाइट. त्यात ६५ टक्के आर्द्रता मिळवली की १५८. पहाटे २५ अंश, म्हणजे ७७, पण आर्द्रता ९० टक्के, बेरीज १६७! पहाटेचा फायदा हा की डोक्यावर ऊन नसते आणि जमीन तापलेली नसते, पण मुंबईची पहाट आपोआप सुरक्षित नसते. दमट हवेची सवय व्हायला घोड्याला दोन ते तीन आठवडे लागतात. पुण्याहून किंवा घाटावरून शिबिरासाठी घोडे आणणाऱ्यांनी ते तीन आठवडे आधी आणावेत, ते यासाठी.

काही घोड्यांना घाम येणेच बंद होते. इंग्रजी अमदानीत थंड देशांतून भारतात आणि इतर उष्ण, दमट मुलखांत आणलेल्या शर्यतीच्या व पोलोच्या घोड्यांत हा विकार प्रथम ठळकपणे नोंदला गेला. कामानंतर सगळे घोडे निथळत असताना एकाचेच अंग कोरडे, तापलेले आणि तो धापा टाकतोय, असे दिसले तर त्याला कौतुकाने काटक म्हणू नका. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता आणि डॉक्टरांना बोलवा.

तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतले की स्नायू आखडतात, ही समजूत अजून अनेक तबेल्यांत आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकआधी उष्ण हवेतल्या घोड्यांवर बरेच संशोधन झाले आणि ही समजूत टिकली नाही. मान, छाती, पाठ, मागचे पाय, सगळीकडे भरपूर पाणी ओतायचे, थोडे चालवायचे, पुन्हा ओतायचे. प्यायलाही पाणी द्यायचे.

चंदी आणि वैरण

काम वाढले की चंदी वाढवायची, हा सईसांचा जुना शिरस्ता बरोबर आहे, पण क्रम महत्त्वाचा. आधी काम वाढते, मग दाणा. घोड्याने रोज त्याच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडा चारा-दाणा खावा. ३५० किलोच्या घोड्याला ते सात किलो होतात आणि त्यातला मोठा भाग वैरणीचा हवा. हिरव्या गवतात चार-पंचमांश पाणीच असते, म्हणून नुसत्या हिरव्यावर ठेवायचे तर त्याला तीस-पस्तीस किलो लागेल. पावसाळ्यात बुरशीचा वास येणारी गंजी सरळ बाद करा. तिची धूळ फुप्फुसांत जाते आणि घोडा कामाला लागला की खोकला सुरू होतो.

घोड्याचे पोट, म्हणजे जठर, त्याच्या देहाच्या मानाने लहान असते. भिजवलेला हरभरा, ओट, कोंडा, जे काही द्याल ते थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा. एका वेळी दीड-दोन किलोच्या वर दाणा नको. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. एकदम बदलला की पोटशूळ. सुट्टीच्या दिवशी दाणा निम्मा करा. पूर्वी गाडीचे घोडे रविवारी पूर्ण दाणा खाऊन उभे राहत आणि सोमवारी कामावर निघताच त्यांचे पुठ्ठे लाकडासारखे कडक होत, लघवी कॉफीच्या रंगाची होई. हा विकार आजही तसाच होतो. घोडा असा आखडला तर त्याला एक पाऊलही चालवू नका.

घोड्याच्या घामात मीठ भरपूर असते, म्हणून काम करणाऱ्या घोड्याला रोज तीस ते पन्नास ग्रॅम साधे मीठ दाण्यात मिसळून द्यावे आणि समोर सतत स्वच्छ पाणी असावे. मीठ दिले आणि पाणी नाही, तर उलटाच परिणाम होतो.

पाठीवर किती?

शिबिराच्या घोड्याला वेग लागत नाही. त्याला लागते ती पाठ. तोल न साधलेला स्वार दुडकीत प्रत्येक पावलाला पाठीवर आदळतो, त्यामुळे हलक्या मुलाचाही भार जाणवतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या संशोधकांनी घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार ठेवून पाहिले. २५ टक्क्यांपासून पुढे स्नायूंचे दुखणे स्पष्ट दिसू लागले. म्हणून २० टक्के ही मर्यादा, खोगिरासकट. वरच्या ३४४ किलोच्या घोड्यासाठी ती ६९ किलो होते. आपल्याकडच्या ओझेवाहू जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत तट्टाच्या पाठीवरचे ओझे ७० किलोंपेक्षा जास्त नसावे असे म्हटले आहे. आकडे वेगळ्या वाटेने निघाले, तरी जवळजवळ जुळले. खोगीर आणि गादीचे आठ-दहा किलो वजा केले तर स्वार साठ किलोंच्या आतला हवा. बारा वर्षांच्या मुलाला अडचण नाही. त्याला सोडायला आलेल्या वडिलांनी ‘एक फेरी मीही मारतो’ म्हणू नये.

रोजची तीन मापे

तयारी बरोबर चालली आहे की नाही, हे सांगायला महागडी यंत्रे लागत नाहीत. सकाळी कामाआधी चारही पायांच्या मागच्या कंडऱ्यांवरून, गुडघ्यापासून खाली, बोटे हलके फिरवा. दोन पायांत फरक नको. एक पाय जास्त गरम, थोडा भरलेला, किंवा दाबताच घोड्याने पाय उचलला, तर त्या दिवशी काम नाही, मग तो कितीही उड्या मारो.

दुसरे, नाडी. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने, पेन्सिलएवढी जाड रक्तवाहिनी बोटाखाली सरकते. पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. काम संपवून दहा मिनिटे चालवल्यावर नाडी ६० च्या खाली आली तर काम झेपले. लांब पल्ल्याच्या शर्यतींत घोड्याला पुढे सोडायचे की नाही, हे ठरवताना पशुवैद्य ६४ ही मर्यादा धरतात. नाडी वरच राहिली तर उद्याचे काम कमी करा. हे आकडे वहीत लिहा. आठवड्यामागून आठवडे तीच फेरी आणि नाडी मात्र लवकर उतरते आहे, यापेक्षा चांगले प्रमाणपत्र नाही.

तिसरे, भूक आणि लीद. कामानंतर तासाभरात घोडा वैरणीला तोंड लावत नसेल, लीद कमी किंवा फार कोरडी असेल, तर त्याला काल झेपले नाही.

कायद्याची बाजूही लक्षात असू द्यावी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आजार, जखम, वय किंवा इतर कारणाने कामाला अयोग्य असलेल्या जनावराला कामाला जुंपणे हा गुन्हा आहे. पाठीवर खोगिराची जखम असलेला किंवा लंगडणारा घोडा शिबिरात दिसला, तर ‘चालवून घ्या’ हे उत्तर चालत नाही.

मुलाचे नाव नोंदवताना पालकांनी मैदान, जेवण आणि हेल्मेट यांबरोबर तीन प्रश्न विचारावेत. घोडा किती आठवड्यांपासून रोज काम करतो आहे? दिवसात त्याच्यावर किती मुले बसणार? आणि त्याच्या सुट्टीचा वार कोणता? ज्या शिबिरात या तिन्ही प्रश्नांना चटकन आणि सरळ उत्तर मिळते, तिथे मुलाला बिनघोर पाठवा. पहिल्याच प्रश्नाला ‘पाऊस थांबल्यापासून’ असे उत्तर आले, तर फी भरण्याआधी दुसरे शिबिर बघा.